भिंत आधी, दिवे मग

सांगलीच्या माणसाला घटनाक्रम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, कराडला प्रीतिसंगमावर पाणी कुठवर आलं, आयर्विन पुलाशी पातळी किती झाली, हे आकडे तासातासाला घरोघर फिरत असतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. सातारा जिल्ह्यात धरणातून सुटलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसं गोठ्यातली जनावरं हलवतात, दुकानातला माल माळ्यावर चढवतात, म्हाताऱ्यांना उंचावरच्या पाहुण्यांकडे पोचवतात.

नेटवर्कमधल्या पुराला ही सवड नसते. २१ ऑक्टोबर २०१६ला, लक्ष्मीपूजन नऊ दिवसांवर आलेलं असताना, असा एक पूर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चढला. ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, रेडिट, गिटहब एकामागून एक दिसेनाशी झाली. हे पाणी घराघरांतल्या कॅमेऱ्यांतून, त्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधून, राऊटरमधून आलं होतं. दिवाळीच्या दिव्यांचे कंट्रोलर त्या यादीत नव्हते. तरी अंगणात पिक्सेलच्या माळा सोडून त्यांचा कंट्रोलर घरच्याच वायफायला जोडणाऱ्यानं हा क्रम नीट वाचावा. कामाचा लॅपटॉप, बँकेचा मोबाईल, कॅमेरा आणि दिव्यांची पेटी असं सगळं एकाच दालनात, मधे एकही भिंत नाही, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच आहे.

खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत आणि 'उरले' ते दिवस २१ ऑक्टोबरपर्यंतचे.

१ ऑगस्ट २०१६, सकाळी ७:१२ (उरले ८१ दिवस)

सोमवार. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात, अण्णा भाऊंच्या गावी, जयंतीची लगबग असण्याचा हा दिवस. याच सकाळी अमेरिकेतल्या भाड्याच्या एका सर्व्हरवरून एक प्रोग्रॅम दारं वाजवू लागला. इंटरनेटवरचा कुठलाही एक पत्ता घ्यायचा, त्याचं २३ नंबरचं पोर्ट उघडं आहे का बघायचं, नसेल तर पुढचा पत्ता. २३ म्हणजे टेलनेट, दुरून यंत्रात शिरून हुकूम सोडायचा जुना दरवाजा. संगणकांच्या जगानं तो कधीच मोडीत काढला होता. स्वस्तातले कॅमेरे आणि डीव्हीआर मात्र कारखान्यातून निघतानाच तो उघडा ठेवून निघत होते.

एरवी घरातल्या वस्तूपर्यंत बाहेरचा माणूस सहज पोचत नाही, कारण मधे राऊटर उभा असतो. पण दुकानात बसून घरचा कॅमेरा मोबाईलवर दिसावा म्हणून कोणीतरी राऊटरमधून वाट काढून देतं, त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. काही वस्तू यूपीएनपी नावाच्या सोयीचा फायदा घेऊन ही वाट परस्परच काढून घेतात. मालकाला मोबाईलवर चित्र दिसतं आणि तो खूष असतो. त्याच वाटेनं आणखी कोण येऊ शकेल, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

सकाळी १०:०७

चाचपणी संपली आणि खरा पसारा सुरू झाला. पहिल्या मिनिटात ८३४ उपकरणं ताब्यात गेली, दहा मिनिटांत ११,०००. कुलूप फोडावं लागलं नाही. प्रोग्रॅमजवळ नाव आणि पासवर्डच्या ६२ जोड्यांची यादी होती: अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-१२३४५६, रूट-एक्ससी३५११. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेले, कोणी कधीच न बदललेले हे पासवर्ड. जोडी जुळली की पत्ता आणि किल्ली मुख्य सर्व्हरला कळवली जायची. तिथून त्या उपकरणाला मानवेल असा प्रोग्रॅम उतरवला जायचा आणि ते उपकरण स्वतःच पुढची दारं वाजवू लागायचं.

या प्रोग्रॅमचं नाव मिराई. पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन ही विशी-एकविशीतली तीन अमेरिकी पोरं त्यामागे होती. डाव होता माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांचा. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडायचा आणि त्याचं गिऱ्हाईक ओढायचं, एवढी साधी दुकानदारी.

२ ऑगस्ट, सकाळी ६ (उरले ८० दिवस)

वीस तासांत ६४,५०० उपकरणं. सुरुवातीला दर ७५ मिनिटांनी आकडा दुप्पट होत होता. मिराई उपकरणाच्या स्मृतीतच राहायचा. बंद करून पुन्हा चालू केलं की जायचा. पण दार तेच आणि किल्ली तीच, त्यामुळे थोड्या वेळात परत यायचा. कॅमेरा नेहमीसारखं चित्र दाखवत राहायचा आणि मालकाची तक्रार कधी यायचीच नाही.

त्या दिवशी आपल्याकडे लक्ष पावसाकडे होतं. महाबळेश्वरच्या डोंगरात धो धो पडत होता आणि रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसकट वाहून गेला.

५ ते १५ सप्टेंबर (उरले ४६ दिवस)

गणेश चतुर्थीच्याच दिवशी, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झालं आणि डेटा फुकट मिळू लागला. सिमसाठी रांगा लागल्या. घरोघरच्या वस्तू नेटला जोडण्याची हौस यानंतरच वाढत गेली.

मांडवांतल्या रोषणाईचं तंत्र मात्र वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. मंडळाच्या कमानीवर पिक्सेल लाईट नाचवणारा डेकोरेशनवाला टी-१००० जातीचा कंट्रोलर वापरतो. लॅपटॉपवर डिझाइन तयार करायचं, एसडी कार्डावर भरायचं, कार्ड पेटीत घालायचं आणि एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याचं, बटण दाबायचं. त्या पेटीला ना वायफाय ना केबल. कोणाच्या मनातही सुरक्षिततेचा विचार नव्हता, पण नेटवर्कच नाही म्हटल्यावर त्या पेटीत शिरणार कोण आणि ती कोणाला पाण्यात घालणार? विलगीकरणाचा हा सर्वांत स्वस्त आणि अभेद्य नमुना आपल्या चौकाचौकांत उभा आहे. गाण्याच्या तालावर हजारो दिवे हलवायचे, मोबाईलवरून बदलायचे, म्हणून कार्ड जाऊन केबल आणि वायफाय आलं की हे आपोआप मिळालेलं संरक्षण संपतं. मग ते मुद्दाम उभारावं लागतं.

२१ सप्टेंबर, पहाटे ५:३० (उरले ३० दिवस)

अमेरिकेत अजून २० तारखेची रात्र होती. सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला ६०० गिगाबिटांहून जास्त मारा सुरू झाला. अकामाई कंपनी त्यांचं संरक्षण विनामोबदला करत होती. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना झळ बसेल म्हणून तिला हात काढून घ्यावा लागला. पुढे गूगलनं आपल्या प्रोजेक्ट शील्डखाली क्रेब्सना आसरा दिला. त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीवरही असाच मारा झाला. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी सांगितलेला स्रोत होता दीड लाखाच्या आसपास कॅमेरे आणि डीव्हीआर.

म्हणजे इशाऱ्याची पातळी ओलांडली गेली होती आणि ती सगळ्या जगाला दिसली होती. पण ज्याच्या भिंतीवरचा कॅमेरा या माऱ्यात सामील होता, त्याच्यापर्यंत तो इशारा पोचवणारी कोणतीच यंत्रणा नव्हती.

३० सप्टेंबर (उरले २१ दिवस)

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तपास जवळ येतोय हे ओळखून मिराईकर्त्यांनी 'अ‍ॅना-सेनपाई' या टोपणनावानं पूर्ण प्रोग्रॅमच चव्हाट्यावर मांडला. एकाच माणसाजवळ असेल तर तो पुरावा ठरतो, हजारांजवळ असेल तर बोट कोणाकडे दाखवणार, असा हिशेब. लवकरच मिराईच्या अनेक टोळ्या झाल्या आणि त्या एकाच कॅमेऱ्यांवरून आपापसांत भांडू लागल्या.

२० ऑक्टोबर (उरले काही तास)

याच आठवड्यात डॅलसमध्ये नेटवर्क चालवणाऱ्या अभियंत्यांची परिषद भरली होती. डाइन कंपनीचे संशोधक डग मॅडोरी यांनी तिथे अशाच पूरहल्ल्यांवर भाषण केलं. डाइनचं मुख्यालय न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी होतं. या कंपनीचं काम साधं आणि मोक्याचं: कोणी एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाईप केलं की त्या नावामागचा अंकी पत्ता सांगायचा. मोठमोठ्या कंपन्यांनी ही डीएनएसची जबाबदारी तिच्याकडे दिलेली होती. ती गप्प झाली तर त्या कंपन्यांचे सर्व्हर धडधाकट असूनही त्यांचा पत्ता सांगणारं कोणी उरत नव्हतं.

२१ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

शुक्रवार. साताऱ्यात मोती चौक आणि सांगलीत मारुती चौक खरेदीनं भरायची वेळ. अमेरिकेच्या पूर्वेला सकाळचे ७:१० झालेत.

डाइनच्या पडद्यांवर रहदारी चढू लागली. आधी आशिया-प्रशांत, दक्षिण अमेरिका, पूर्व युरोप आणि अमेरिकेचा पश्चिम भाग. अभियंते त्या बाजूला बंदोबस्त करत असतानाच माऱ्याची दिशा अचानक बदलली आणि सगळा जोर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या केंद्रांवर आला. टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींच्या पाकिटांचा लोंढा, सगळा ५३ नंबरच्या पोर्टावर. डीएनएसची खरी विचारणाही याच पोर्टावर येते. खरं गिऱ्हाईक कोणतं आणि चोर कोणता, हे दारात उभं राहून ओळखता येईना.

मग खऱ्या गिऱ्हाइकांनीच पूर वाढवला. उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा, हा डीएनएसचा नियम. जगभरचे सर्व्हर तो इमानदारीनं पाळत राहिले आणि या पुन्हापुन्हाच्या विचारणांनीच रहदारी नेहमीच्या दहा ते वीस पट झाली. मागचं उत्तर काही काळ जपून ठेवलेलं असतं, त्यामुळे सगळी स्थळं एकदम गेली नाहीत. ज्याची मुदत संपेल ते एकेक करत गेलं.

संध्याकाळी ६:५०

पहिली लाट ओसरली. दोन तास दहा मिनिटं.

रात्री ९:२०

दुसरी लाट, या वेळी जगाच्या जास्त भागांतून. आधीची तटबंदी नव्यानं आखावी लागली. साडेदहाच्या सुमाराला जोर बराचसा मोडला, पण किरकोळ पडझड मध्यरात्र उलटून २ वाजेपर्यंत चालू राहिली. त्यानंतर लहानमोठे प्रयत्न झाले, त्यांचा ग्राहकांना त्रास झाला नाही.

डाइननं नंतर मांडलेला अंदाज असा: मारा करणारी उपकरणं एक लाखापर्यंत. जगातल्या कॅमेऱ्यांच्या मानानं ही मूठभरच.

आणि हे सगळं कशासाठी? अमेरिकेच्या न्याय खात्यानं डिसेंबर २०२०मध्ये सांगितलं, की गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेल्या एकानं कबुली दिली आहे. त्याला आणि त्याच्या साथीदारांना सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क बंद पाडायचं होतं. नेम खेळावर होता, पडला तो पत्ता सांगणारा. मिराईच्या मूळ तिघांनी डिसेंबर २०१७मध्ये गुन्हा कबूल केला. २०१८मध्ये त्यांना पाच वर्षं देखरेख आणि २,५०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. तपास यंत्रणेला त्यांनी केलेली मदत शिक्षा ठरवताना धरली गेली.

१८ नोव्हेंबर (पूर येऊन गेल्यावर चार आठवडे)

रॉब ग्रॅहम या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञानं ५५ डॉलरचा एक कॅमेरा विकत आणला आणि मुद्दाम नेटला जोडला. पहिला किडा, म्हणजे मिराईसारखा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ९८ सेकंदांत आत आला.

या प्रयोगातली शिकण्यासारखी गोष्ट त्या आकड्याच्या अलीकडे आहे. ग्रॅहमनी कॅमेरा घरच्या नेटवर्कला जोडलाच नव्हता. मधे रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक ठेवला आणि त्याच्यावर नियम घातले: कॅमेऱ्याकडून निघालेलं काहीही घरच्या बाकीच्या यंत्रांकडे जाणार नाही, बाहेरच्या जगावरही मारा करणार नाही. कॅमेरा सडला, घर शाबूत राहिलं. ९८ सेकंदांत कोणीही पासवर्ड बदलत नाही, माहितीपत्रकाचं पहिलं पानही वाचून होत नाही. भिंत आधी उभी असेल तरच ती कामाला येते.

आपल्याकडेही याचा फटका बसला. जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर अशाच किड्याचा हल्ला झाला. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले आणि पासवर्ड बदला, असं कंपनीला ग्राहकांना जाहीर सांगावं लागलं.

आता हाच क्रम अंगणात

दिव्यांकडे वळू. दिव्यांचीच गोष्ट हवी असेल तर डिसेंबर २०१८चं उदाहरण आहे. ब्रिटनमधल्या एमडब्ल्यूआर या संस्थेच्या संशोधकांनी ट्विंकली या नाताळातल्या स्मार्ट दिव्यांत शिरकाव करून दाखवला. दिवे आणि मोबाईल यांच्यातलं बोलणं उघड्यावर चालत होतं. पण घरच्या रोषणाईला बाहेरचा चोर यायचीही गरज नसते. आतल्या आत पूर आणायची ताकद तिच्यात असतेच.

१,००० दिव्यांची माळ घ्या. प्रत्येक दिव्याला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल, म्हणजे एकूण ३,०००. नेटवर्कवरून दिव्यांना हुकूम पाठवायच्या ई१.३१ या रूढ पद्धतीत ५१२ चॅनेलचा एक युनिव्हर्स असतो, त्यात पूर्ण दिवे मावतात १७०. म्हणजे सहा युनिव्हर्स. सेकंदाला ४० वेळा नवं चित्र पाठवायचं, तर सेकंदाला २४० पाकिटं, प्रत्येकी ६३८ बाइटचं. हिशेब सव्वा मेगाबिटच्या आसपास जातो. १०० मेगाबिटच्या केबलला हे किरकोळ आहे.

वायफायवर गणित उलटतं. ही पाकिटं बहुधा मल्टिकास्ट असतात, म्हणजे 'ज्याला हवं त्यानं ऐकावं' अशी दवंडी. खोलीच्या टोकाला असलेल्या सर्वांत कमकुवत यंत्रालाही दवंडी ऐकू जावी म्हणून राऊटर ती सर्वांत मंद वेगानं देतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पुष्कळ साध्या राऊटरांमध्ये हा वेग सेकंदाला एक मेगाबिट असतो. सव्वा मेगाबिटचा माल आणि वाट एका मेगाबिटची. शिवाय हवा एकच. दवंडी चालू असेपर्यंत घरातल्या बाकी सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. ही पाकिटंही यूडीपीच, पोर्ट ५५६८. पोचलं का, पुढचं पाठवू का, असं विचारायची पद्धत यूडीपीत नाही.

हा क्रम कोणा एका घरचा नाही, पण वरचे आकडे ज्याच्या घरात जुळून येतील त्याची संध्याकाळ साधारण अशी जाईल.

लक्ष्मीपूजन, संध्याकाळी ५:००. सांगलीच्या विश्रामबागेतला बंगला म्हणा किंवा साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा. केबलवाल्यानं दिलेल्या राऊटरला चार पोर्ट आहेत, त्यातल्या एकात कंट्रोलरची केबल खोचली जाते. लॅपटॉपवर दिव्यांचा क्रम चालवणारं एक्सलाइट्स उघडलेलं आहे आणि मल्टिकास्टची खूण आधीपासूनच लावलेली आहे.

६:१५. चाचणी. एकेक माळ लावून बघितली, सगळं झकास. चाचणीला एकच युनिव्हर्स चालू होता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

७:०५. पूजा. पुण्याचा मुलगा आणि न्यू जर्सीची मुलगी व्हिडिओ कॉलवर. बाहेर गाणं सुरू होतं आणि सहाही युनिव्हर्स धावू लागतात. केबलवाल्याच्या राऊटरमध्ये चार पोर्ट आणि वायफाय यांची एकच मोट बांधलेली असते, त्यामुळे तारेतली दवंडी हवेतही जाते. आरतीच्या मध्यावर मुलीचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. वायफायवरचा फाटकाचा कॅमेरा काळा पडतो. शेजारणीला द्यायचे पैसे गूगल पेवर फिरत राहतात. ईएसपी३२ या छोट्या बोर्डानं वायफायवर चालणारी एक माळही मधेच गोठते, कारण तिचाही निरोप त्याच गर्दीत अडकलेला असतो.

७:२०. कोणीतरी राऊटर बंद करून चालू करतं. दोन मिनिटं बरं वाटतं. माळा काळ्या असल्या तरी 'काळं राहा' हा निरोप सेकंदाला ४० वेळा जातच असतो. पुन्हा तेच.

९:३०. केबलवाल्याला फोन. तो सणाच्या दिवशी उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११:००. केबलवाला येतो. दिव्यांचा लॅपटॉपच बंद आहे. वेग मोजतो, पूर्ण मिळतो. 'नेट एकदम ओके आहे काका,' म्हणून जातो. संध्याकाळी पुन्हा सातला सगळं बंद.

भिंत कशी घालायची

पहिली आणि सर्वांत भक्कम रीत म्हणजे दिव्यांचं नेटवर्कच वेगळं. एक साधा पाच-आठ पोर्टांचा स्विच फक्त कंट्रोलरांसाठी ठेवायचा आणि घरच्या राऊटरला त्याची केबल लावायचीच नाही. गाणी आणि दिव्यांचा क्रम वाजवायला रास्पबेरी पायवर फाल्कन प्लेअर हा प्रोग्रॅम. या छोट्या संगणकाला दोन तोंडं आहेत: केबलचं तोंड दिव्यांच्या स्विचला, वायफायचं तोंड घरच्या नेटला. घरचे पत्ते १९२.१६८.१.अमुक असतील तर दिव्यांना १९२.१६८.५०.अमुक द्या आणि केबलच्या तोंडाला गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या पत्त्याची, जागा रिकामी ठेवा. मोबाईलवरून प्लेअरचं पान दिसतं, गाणं बदलता येतं, पण २४० पाकिटांचा लोंढा स्विचच्या बाहेर पडत नाही. एकदा क्रम भरून ठेवला की लॅपटॉपही लागत नाही.

दुसरी रीत पाठवण्याच्या पद्धतीची. मल्टिकास्टऐवजी युनिकास्ट करा, म्हणजे प्रत्येक कंट्रोलरचा पत्ता लिहून त्यालाच पाठवायचं. दवंडी संपली, टपाल सुरू झालं. ज्यांना एकाच स्विचवर घर आणि दिवे दोन्ही चालवायचे आहेत त्यांनी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगळी दालनं, करता येणारा मॅनेज्ड स्विच घ्यावा आणि त्यात आयजीएमपी स्नूपिंग चालू करावं, म्हणजे ज्याला ऐकायचं आहे त्याच पोर्टाला माल जातो.

वायफायवरच्या छोट्या माळांना घरच्या वायफायचा पासवर्ड देऊ नये. राऊटरमधलं पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क चालू करून त्यांना तिथे बसवावं. तिथून घरच्या यंत्रांकडे जाता येत नाही. काही राऊटर गेस्टवरच्या यंत्रांना एकमेकांशीही बोलू देत नाहीत, म्हणून खरेदीआधी एवढं तपासून घ्यावं.

किल्ल्या बदलणं हे पाच मिनिटांचं काम. फाल्कन प्लेअरचं मूळ नाव-पासवर्ड 'एफपीपी' आणि 'फाल्कन', वायफायवरच्या माळा चालवणारा डब्ल्यूएलईडी हा प्रोग्रॅम नव्यानं घातला की त्याच्या वायफायचा पासवर्ड 'डब्ल्यूएलईडी१२३४'. हे गुपित नाही, माहितीपत्रकातच असतं. मिराईची ६२ जोड्यांची यादी अशाच ठिकाणांहून गोळा झाली होती. राऊटरमधलं यूपीएनपी बंद करावं. गावाबाहेरून दिवे लावता यावेत म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग करायचा मोह टाळावा. हवंच असेल तर व्हीपीएननं आधी घरात यावं आणि मग बटण दाबावं.

एवढी भिंत कशाला, घरगुती तर दिवे आहेत, असं वाटेल त्यानं आणखी एक तारीख लक्षात ठेवावी: २९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशी. त्या दिवशी मिराईच्याच एका वंशजानं पूर्व आशियातल्या एका इंटरनेट कंपनीवर सेकंदाला ५.६ टेराबिटांचा यूडीपी मारा केला. क्लाउडफ्लेअरनं तो अडवला. १३,०००हून थोडी जास्त घरगुती उपकरणं पुरली आणि सगळं ८० सेकंदांत आटोपलं. बंदोबस्त यंत्रांनीच केला. माणूस खुर्चीत बसेपर्यंत हल्ला संपलेला होता.

भिंत खरोखर उभी आहे का, याची परीक्षा सोपी आहे. दिव्यांच्या स्विचला लॅपटॉप जोडा आणि घरच्या राऊटरचं पान उघडायचा प्रयत्न करा. उघडलं तर भिंत नाही. मग सगळ्या माळा एकदम पांढऱ्या करून, सर्व युनिव्हर्स चालू ठेवून, आतल्या खोलीतून वायफायवर व्हिडिओ कॉल लावा आणि पाच मिनिटं बोला. एकच युनिव्हर्स लावून केलेली चाचणी धरू नये. हे दोन्ही प्रयोग वसुबारसेला करावेत, म्हणजे नापास झालात तरी लक्ष्मीपूजनापर्यंत हातात तीन-चार दिवस राहतात.